आरशावरचा वारा

टेलरमास्तरांचे समोरचे दोन्ही दात धाग्याने खाल्लेले होते. कात्री गळ्यात लटकत असताना धागा दाताने तोडायची त्यांची खोड तरुणपणापासूनची, आणि माणसाची खोड म्हणजे काय ते सांगायला नको. डाव्या दाताचा गेलेला कोपरा कधीकाळी दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सासूबाईंनी भरून दिला होता, तो मास्तरांनी अजून खणखणीत वापरात ठेवला होता. उजव्या दाताचा कोपरा त्यांच्या डॉक्टर सुनेने भरला होता. तो आज दुसऱ्यांदा कागदाच्या पुडीतून परत आला होता.

"हा घ्या तुमचा ऐवज," मास्तर खुर्चीत बसता बसता म्हणाले आणि पुडी ट्रेमध्ये ठेवली. "कॉलर शिवताना निसटला. नशीब दिसला, नाहीतर गिऱ्हाइकाच्या कॉलरीत शिवला गेला असता."

ते हसले. हसताना डावा दात पूर्ण दिसला आणि उजव्याची खाच दिसली. सुनेलाही हसावं लागलं.

त्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टर दोन. सासू आणि सून. येणारे-जाणारे सासूला थोरल्या बाई म्हणत आणि सुनेला धाकट्या बाई, म्हणून आपणही तसंच म्हणू. थोरल्या बाईंची बोटं सांध्यांत आखडायला लागली तशी त्यांनी हत्यारं खाली ठेवली. आता त्या बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून कोण कधी येणार ते बघत, येणाऱ्याच्या घरच्यांची चौकशी करत आणि मधूनच एखाद्याला "तोंड उघड बघू" म्हणून तिथल्या तिथे टॉर्च मारत. आतल्या खोलीतली खुर्ची, दिवा, ट्रे आणि त्यांच्या हाताखाली केस पांढरे झालेल्या मावशी, हे सगळं त्यांनी धाकटीच्या स्वाधीन केलं होतं. मावशींचं काम हत्यारं उकळायची, कापूस गुंडाळायचा आणि पेशंटला धीर द्यायचा.

खरं सांगायचं तर धाकटी नवऱ्याच्या प्रेमात पडायच्या आधी त्याच्या दाढेच्या प्रेमात पडली होती. कॉलेजात शिकत असताना तो दात साफ करून घ्यायला आला होता. तिने आरसा आत घातला आणि तिथेच थांबली. खालच्या दाढेत एक फिलिंग होतं, लहानपणी भरलेलं. दात कुठे संपतो आणि भरलेलं कुठे सुरू होतं ते तिला नखाने चाचपूनही कळेना. कडेला काळी रेघ नाही, फट नाही, काही नाही. "हे कुणी केलं?" तिने विचारलं. "आईने," तो तोंडात नळी असल्यामुळे बोबडा बोलला. पुढचं सगळं यथावकाश झालं. पण ती दाढ ती विसरली नव्हती. आपल्याला असं काम यायला हवं, एवढी एकच हाव घेऊन ती या घरात आली होती.

आणि आता तिने भरलेले दात निसटत होते. सगळे नाही, पण अधूनमधून एखादा. एका बसड्रायव्हरचा, एका शाळेतल्या बाईंचा, आणि मास्तरांचा तर दोनदा. ज्यांचं निसटत नव्हतं त्यांतल्या काहींना गार पाणी झोंबत होतं. बाहेरच्या खोलीत लोक वाईट काही बोलत नसत. फक्त थोरल्या बाईंना विचारत, "तुमची बोटं आता कशी आहेत हो?" हा प्रश्न भिंतीपलीकडून ऐकू आला की धाकटीच्या कानशिलापर्यंत रक्त चढायचं.

नाचता येईना अंगण वाकडं, हे करून झालं होतं. तिने दात भरायचा मसाला बदलला, त्याहून महागातला आणला. मसाला कडक करणारा निळा दिवा बदलला. नवऱ्याने तिच्या वाढदिवसाला पिचकारीला वारा पुरवणारा जुना, धापा टाकणारा कंप्रेसर काढून नवा बसवून दिला होता, आवाज न करणारा आणि वारा असा की ट्रेमधला कापूस उडून पडद्याला चिकटावा. दवाखान्यातली सगळ्यांत भरवशाची वस्तू तीच, असं तिला वाटायचं.

मास्तरांच्या तोंडात मात्र कुठलीच सबब चालत नव्हती. एकच तोंड, एकच लाळ, एकच धागा, चावायची खोडही एकच. डावीकडे सासू, उजवीकडे सून. डावा टिकला आणि उजवा पडला. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"आज नको," ती मास्तरांना म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या. मला जरा तयारी करायची आहे."

"या की. तोवर डाव्याने भागवतो. तो घरचाच आहे," मास्तर म्हणाले आणि गेले.

कॉलेजातून तिला शिकवायला बोलावणं आलं होतं. वर्गात उभं राहून बोलायचं, पेशंटला हात लावायचा नाही. आठवडाभरात काय ते कळवायचं होतं. तिने हे फक्त नवऱ्याला सांगितलं होतं आणि त्याला शपथ घातली होती. मनाशी ठरवलं होतं की मास्तरांचा दात एकदा शेवटचा भरायचा. हाही पडला, तर खुर्ची सोडायची. ती गेली की दवाखाना बंद होणार, हे तिला ठाऊक होतं. थोरल्या बाईंनी उभ्या आयुष्यात उभी केलेली ही दोन खोल्यांची जागा तिच्या हाताने बंद होणार, या विचाराने तिला झोप लागत नव्हती.

त्यात आणखी एक काटा होता. थोरल्या बाईंची स्वतःची एक दाढ तुटली होती. बदामाच्या कवचावर दात ठेवला आणि जुनं फिलिंग तुकड्यासकट निघालं. तेव्हापासून त्या एकाच बाजूने जेवत. धाकटीने किती वेळा म्हटलं, "आई, बसा ना, मी भरते." थोरल्या बाई हात हलवत. "राहू दे गं. दुखत थोडंच आहे?" दुखत होतं. चहाचा पहिला घोट त्या मान तिरकी करून घेत, ते धाकटीला दिसत होतं. ज्या बाईने गावभर दात भरले, ती स्वतःचा दात सुनेच्या हाती द्यायला तयार नव्हती. यापेक्षा स्पष्ट निकाल कोणता असणार?

दुपारी दवाखाना बंद असताना ती थोरल्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. हातात पाण्याची बरणी होती. बरणीत पेशंटचे काढलेले दात होते, सरावासाठी ठेवलेले. मावशींना त्या बरणीची इतकी किळस होती की कपाट पुसताना त्या डोळे मिटून घेत.

"आई, मला एकदा दाखवा."

"काय दाखवू?"

"दात कसा भरता ते."

थोरल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "डिग्री माझ्यापेक्षा मोठी तुझी, आणि मी दाखवू? माझी बोटं बघ कशी झालीत. चहाचा कप धरताना मावशी बशी पुढे करते."

"सावकाश करा. मला घाई नाही." धाकटीने बरणी टेबलावर ठेवली. "माझं टिकत नाही हो आई. मी सगळं पुस्तकातल्यासारखं करते, तरी टिकत नाही."

थोरल्या बाई खुर्चीच्या दांड्यावर भार देऊन उठल्या, आत गेल्या आणि हात धुवायला लागल्या. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, पेशंट बसलेला असावा तशा. मावशींनी न सांगता एप्रन पुढे केला. हातमोजे चढवताना मात्र बोटं अडली, तेव्हा मावशींनी एकेक बोट ओढून बसवलं.

धाकटीने दोन दाढा प्लॅस्टरच्या वड्यांत रोवून ठेवल्या होत्या, दोन्हींत सारखाच खड्डा कोरलेला. एक तिची, एक सासूबाईंची. दोघींना औषधांच्या बाटल्या त्याच.

आधी धाकटीने आपली भरली. अॅसिडची निळी जेल लावली, थांबली, भरपूर पाण्याने धुतली. मग वाऱ्याची पिचकारी खड्ड्यावर धरली आणि पाणी उडवून लावलं. पांढरा खडखडीत दात दिसेपर्यंत. मग बाँड, म्हणजे मसाला चिकटवायचा द्रव, मग निळा दिवा, मग मसाल्याचे थर. हात चपळ, एकही हालचाल वाया गेली नाही. मावशींनी मान डोलावली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर धाकटीवर अन्याय होईल. दात वाळवून हाडासारखा कोरडा करू नये, हे तिला माहीत होतं. परीक्षेत याच प्रश्नावर तिला पैकीच्या पैकी गुण होते. दाताचं वरचं कवच कितीही वाळलं तरी चालतं. पण आतल्या भागाला अॅसिड लागलं की तिथे बारीक धाग्यांचं जाळं उघडं पडतं. ते पाण्यावर तरंगत असतं, लोकर पाण्यात मोकळी पसरते तसं. बाँड त्या जाळ्यात शिरून घट्ट होतो, आणि त्यावरच भरलेलं सगळं टिकतं. पाणी उडालं की जाळं मिटून चिकटून बसतं, आणि बाँड बिचारा वरच्या वर राहतो. म्हणून दात ओलसर ठेवायचा, पण ओला नाही. पुस्तकात हे एका ओळीत आहे. तोंडात मात्र ओलसर कुठे संपतं आणि ओलं कुठे सुरू होतं, हे कुणी आखून दिलेलं नसतं. पहिलं फिलिंग पडलं तेव्हा तिला वाटलं, कुठेतरी लाळ शिरली असणार, पाणी राहिलं असणार. मग ती थोडं जास्त वाळवायला लागली. दुसरं पडल्यावर आणखी थोडं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे फुंकायला नवा कंप्रेसर होता. आपण कधी त्या ओळीच्या पलीकडे गेलो, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

मग थोरल्या बाई बसल्या.

पहिल्यांदा त्यांचा हात थरथरला. हत्यार ट्रेच्या कडेला लागून वाजलं. त्यांनी ओठ आवळले, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं आणि थरथर थांबली. पुढचं धाकटी बघतच राहिली. आखडलेल्या बोटांनी सुद्धा त्या जेलचा ठिपका असा ठेवत होत्या की आधी कवचाच्या कडेला, मग आत, घाई नाही आणि रेंगाळणं नाही. पाण्याने धुताना पाण्याची धार कडेवरून आत घसरत होती. धाकटीला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते बरंही वाटलं. इतक्या जवळून या हातांकडे ती कित्येक महिन्यांत बघायला विसरली होती.

धुऊन झाल्यावर थोरल्या बाईंनी डाव्या हातात आरसा घेतला, उजव्या हातात पिचकारी. आरसा दाताजवळ तिरका धरला आणि वारा आरशावर सोडला.

हे धाकटीने हजारदा पाहिलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा त्यांच्या बाजूला उभी राहून शिकायची, तेव्हापासून. पेशंटच्या श्वासाने आरशावर वाफ धरते, ती घालवायला सगळेच डॉक्टर वारा मारतात. त्यात बघण्यासारखं काही नसतं.

पण आज ती बघत होती. दाढ प्लॅस्टरच्या वडीत होती, वडी टेबलावर होती. दाढ श्वास घेत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "आरशावर वाफ कुठे आहे?"

"अं?"

"तुम्ही आरसा पुसताय. वाफ कुठे आहे?"

थोरल्या बाईंचा हात थांबला. त्यांनी आरशाकडे पाहिलं, दाताकडे पाहिलं, आणि चोरी पकडली गेल्यासारख्या हसल्या. "अगोबाई. खरंच की. सवय गं."

"कशाची सवय?"

"जाऊ दे. पुढचं बघ."

"आई, सांगा ना."

थोरल्या बाईंनी पिचकारी खाली ठेवली. "हसशील. कॉलेजात असताना माझी ही दाढ किडली होती. आता तुटली तीच. आमच्या सरांनी भरली. लहान खड्ड्याला तेव्हा कुणी बधिर करायची सुई देत नसे. त्यांनी दात कोरला, धुतला आणि उघड्या दातावर सरळ वारा मारला. काय सांगू! मेंदूपर्यंत कळ गेली. मी सरांच्या बोटाला चावले."

मावशी खुदकन हसल्या. ही गोष्ट त्यांनीही ऐकलेली नव्हती.

"चावले म्हणजे कडकडून. सगळा वर्ग बघत होता. सर बोट धरून ओरडले, डॉक्टर होणार की कुत्री? तेव्हापासून कुणाच्या उघड्या दातावर सरळ वारा मारायला माझा हात होईना. मग मी तो आरशावर मारायला लागले. आरशावरून वळला की त्याचं सगळं बळ जातं, नुसती झुळूक लागते. पेशंटला कळतसुद्धा नाही. सर रागवायचे, वारा दाताला मार, आरशाला काय मारतेस? मी म्हणायचे, सर, वाफ आलीय. पुढे कुणी बघत असलं की हेच सांगायची. तुलाही तेच सांगितलं असेल."

"सांगितलं होतं," धाकटी म्हणाली.

"आता हाताला काय कळतं दात जिवंत आहे का मेलेला? त्याला वाटतं, याला दुखेल."

धाकटी वाकली. दिवा जवळ ओढून तिने सासूबाईंच्या दाढेतला खड्डा पाहिला. पाणी साचलेलं नव्हतं. पण पांढरंही पडलं नव्हतं. आत एक मंद ओलसर चमक होती, पुस्तकातल्या त्या एका ओळीत लिहिलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मसाला बदलला, दिवा बदलला, रात्र रात्र जागून काढली, आणि ही चमक रोज तिच्या नजरेसमोर तयार होत होती.

"आई, लवकर बाँड लावा," ती म्हणाली, "हे असंच्या असं राहू दे. वाळायच्या आत लावा."

दुसऱ्या दिवशी दोघींनी पक्कड घेतली. धाकटीच्या दाढेतला मसाला दोन हिसक्यांत टुणकन निघाला आणि मावशींच्या पायाशी जाऊन पडला. तळ स्वच्छ होता, दात त्याला कधी चिकटलाच नव्हता. मग सासूबाईंच्या दाढेची पाळी आली. धाकटीने ओढलं, पिरगळलं, दोन्ही हातांनी जोर लावला. शेवटी प्लॅस्टरची वडी फुटली आणि दाढ मसाल्यासकट पक्कडीत राहिली. ती तशीच हातात धरून धाकटी खाली बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"तुम्हाला माहीत होतं? यामुळे टिकतं हे?"

"छे गं! मला वाटायचं, बाटल्या चांगल्या मिळाल्या." थोरल्या बाई त्या दाढेकडे कौतुकाने बघत होत्या, जशी ती दुसऱ्याच कुणी भरली असावी. "मी फक्त माणसांना लागू नये म्हणून करत होते."

इतकी वर्षं या बाई लोकांची कळ वाचवत राहिल्या, त्यासाठी सरांची बोलणी खाल्ली, खोटंही बोलल्या, आणि त्याचं फळ लोकांच्या तोंडात घट्ट बसून राहिलं. नवऱ्याच्या त्या दाढेतही हेच होतं. लहान मुलाला दुखू नये म्हणून एका आईने आरसा तिरका धरला होता. धाकटीने आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती. पण आपण या बाईची सून आहोत, याचा इतका अभिमान तिला याआधी कधी वाटला नव्हता.

मास्तर ठरल्याप्रमाणे आले. खुर्चीत टेकले, आणि धाकटीने दाताभोवती लाळ अडवणारी रबराची चादर ताणून बसवली. वाऱ्याची पिचकारी हातात घेतल्याबरोबर मास्तरांनी दोन्ही दांडे गच्च धरले, पायाचे अंगठे वर केले आणि डोळे मिटले. हे ते दरवेळी करत. मास्तर घाबरट आहेत, असं धाकटी आजवर समजत आली होती. आज तिला स्वतःची लाज वाटली.

तिने आरसा तिरका धरला आणि वारा आरशावर सोडला. किती तिरका, किती लांब, हे तिने बरणीतल्या दातांवर हात दुखेपर्यंत करून पाहिलं होतं. दातावर चमक राहिली. तिने बाँडचा ब्रश टेकवला आणि तो आत शोषला जाताना तिला दिसला, किंवा दिसल्यासारखा वाटला.

मास्तरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. अंगठे खाली आले.

काम संपून रबर काढल्यावर ते म्हणाले, "आज वारा मारायचा विसरलात वाटतं."

"मारला की."

"मग मला कसा नाही लागला? थोरल्या बाई मारायच्या तेव्हाही नाही लागायचा. मला वाटायचं, त्यांचं यंत्र मोडकं आहे."

"मास्तर, धागा कात्रीने तोडा."

"तोडतो की," असं म्हणून मास्तर गेले, आणि दुकानात पोचल्या पोचल्या त्यांनी धागा दाताने तोडला असणार यात शंका नाही.

धाकटीने कॉलेजला कळवायची मुदत उलटू दिली. आधी मास्तरांच्या दाताचं बघायचं, मग काय ते, असं तिने नवऱ्याला सांगितलं. बाहेरच्या दारातून मास्तर दिसले की ती आधी त्यांच्या हातांकडे बघायची. पण त्यांच्या हातात पुडी नसायची. कधी ते बायकोला घेऊन आले, कधी नुसतेच थोरल्या बाईंशी गप्पा मारायला. ऊन गेलं, गारठा आला, दुकानात लोकरीच्या कपड्यांची कामं आली आणि जाड धागा आला. एक दिवस मास्तर आत डोकावले, दोन्ही ओठ बोटांनी बाजूला करून समोरचे दात दाखवत म्हणाले, "धाकट्या बाई, यातला सासूचा कोणता आणि सुनेचा कोणता? मी विसरलो."

धाकटीने दिवा फिरवला, बघितलं, आणि तिलाही क्षणभर आठवावं लागलं.

बाहेर थोरल्या बाईंनी ते ऐकलं. मास्तर गेल्यावर त्या उठल्या. कपाटापर्यंत गेल्या, उगाच काहीतरी हलवलं, परत टेबलाशी आल्या. शेवटी आत येऊन खुर्चीशी उभ्या राहिल्या.

"पेशंट आहे का कुणी?"

"नाही आई. का?"

"मग माझं बघ."

थोरल्या बाई खुर्चीत चढल्या, एप्रनचा बंद मावशींकडे देत म्हणाल्या, "तुला वाटत असेल, सासू विश्वास ठेवत नाही. वाटत होतं ना? तोंडावर दिसायचं तुझ्या. विश्वासाचं नव्हतं गं. मला त्या वाऱ्याची भीती वाटते. या वयात सुनेला चावले असते तर काय तोंड दाखवलं असतं?"

"मग मला सांगायचं ना!"

"दातांच्या डॉक्टरीणबाई वाऱ्याला घाबरतात, हे कुणाला सांगू?"

"सुई देऊ का?"

"नको. तुला ते येतं आता. तसंच कर."

धाकटीने दाढ साफ केली, कापसाच्या गुंडाळ्या गालात बसवल्या. किती जपून, ते मावशींनाच माहीत. जेल लावली, धुतली. पिचकारी उचलली तशी थोरल्या बाईंची आखडलेली बोटं दांड्यांवर आवळली गेली. ज्या खुर्चीत बसलेल्या लोकांना त्या धीर देत आल्या होत्या, त्याच खुर्चीत त्यांचे डोळे एखाद्या मुलीसारखे घट्ट मिटले होते.

धाकटीने आरसा तिरका धरला आणि वारा सोडला.

थोरल्या बाई वाट बघत राहिल्या. बोटं आवळलेलीच. मग घशातून प्रश्न आला, "हं?"

"झाला आई. मारला."

त्यांनी डोळे उघडले. बोटं एकेक करून सैल झाली. बोलता येत नव्हतं, कारण बोललं की लाळ शिरते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या तोंड उघडं ठेवून वर दिव्याकडे बघत राहिल्या आणि डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत गेलं. मावशींनी ते दाताचं पाणी असल्यासारखं पुसलं. धाकटीने बाँड लावला, दिवा धरला, एकेक थर बसवला, घाई केली नाही.

शेवटी कापूस काढला. थोरल्या बाईंनी जीभ दाढेवरून फिरवली, परत फिरवली. कड शोधत होत्या, सापडली नाही.

"लागलं का?" धाकटीने विचारलं.

"नाही गं." त्या उठल्या नाहीत. त्या धाकटीच्या हातातल्या आरशाकडे बघत होत्या. "इतकं हलकं लागतं होय ते? मी आयुष्यभर सगळ्यांना दिलं, पण मला कुणी दिलंच नव्हतं. कसं लागतं, हे मला माहीतच नव्हतं."